डिंकावरची मिशी

काळुरामच्या तोंडावर मिशी नाही, हे सगळ्यांत आधी त्याच्या सुनेला दिसलं. होडीतून आणलेलं मढं ओटीवर ठेवताना तोंडावरची चादर घसरली, ती सारखी करायला सगुणा वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

“आये,” ती सासूच्या कानाशी म्हणाली, “बाबांची मिशी?”

ठमाबाई नवऱ्याच्या पायांशी बसून रडत होती. अर्ध्या तासापूर्वी ती चुलीवर भाताचं आधण ठेवत होती; आता ती विधवा होती, आणि या दोहोंच्या मधे तिला पदर सारखा करायलाही सवड मिळाली नव्हती. सुनेचं बोलणं ऐकून तिचं रडं थांबलं. तिनं चादरीचं टोक दोन बोटांनी उचललं, आत बघितलं, टोक पुन्हा खाली सोडलं आणि उठून उभी राहिली.

“माजघरात घ्या त्याला,” ती म्हणाली. “आन दार लावा.”

अंगणात जमलेल्या बायकांनी तोवर चांगला सूर धरला होता. पुरुष तिरडीसाठी बांबू बघत होते. मढं आत नेलेलं पाहून कुणाला काही वावगं वाटलं नाही. आंघोळ घालायची म्हणजे आत न्यावंच लागतं.

दुसऱ्या कुणाची मिशी असती तर गोष्ट तिथंच चादरीखाली राहिली असती. पण काळुरामची मिशी ही त्याची एकट्याची कधीच नव्हती. ती अख्ख्या खाडीपाड्याची होती. भाजलेल्या विटेच्या रंगाची, दोन्ही गालांवर वळून वर चढलेली, आणि मिठागरावरच्या उन्हात लांबून माणसाआधी दिसणारी. असल्या रंगाचा केस गावात दुसऱ्या घरी नव्हता. म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता.

तेवीस वर्षांपूर्वी काळुरामच्या आगरावर मीठ वाहणाऱ्या तुळसाला मुलगा झाला. तुळसाचा नवरा मरून तेव्हा तीन वर्षं झाली होती. गावानं आधी बोटं मोजली, आणि पोराला जावळ आलं तेव्हा बोटं मोजायचंही सोडून दिलं. ठमाबाईच्या कडेवर तेव्हा सहदेव होता. ती नवऱ्याशी भांडली नाही, माहेरी गेली नाही. तिनं पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्वतः बसली. “पंचांम्होरं सांग पोर तुजा नाय म्हनून,” ती म्हणाली. “तवर या घरात तुना पानी नाय.”

शिमग्याचे दिवस होते, उन्हानं खाडीकाठचं खाजण तडकलं होतं. काळुराम दोन दिवस तसाच राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही मागायला गेला नाही, कारण का मागतो ते सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तो होळीसमोर उभा राहिला आणि सुकल्या घशानं ओरडला, “पोर माजा नाय! ज्या दिशी ही मिशी उतरंल, त्या दिशी समजा का पोर माजा!” मग घरी येऊन तो तीन तांबे पाणी प्यायला आणि झोपला.

तेव्हापासून ती मिशी साक्षीला होती. दर होळीला कुणीतरी विचारायचंच, “कालूशेट, मिशी हाय ना जाग्यावर?” आणि काळुराम तिला पीळ द्यायचा. तुळसाचा राघो मोठा झाला, होडीवर लागला, पुढे स्वतःची होडी केली. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा गावानं दोन दिवस कामं बाजूला ठेवून त्याच्या ओठाकडे पाहिलं. पण शपथ ती शपथ. काळुरामची मिशी होती तोवर राघो तुळसाचाच होता, आणि सात वर्षांमागं तुळसा मेली तेव्हापासून कुणाचाच नव्हता. काळुरामला तो कुठल्याच नावानं हाक मारत नसे. “अवो” म्हणे, आणि तेही काम असेल तर.

ठमाबाईनं त्या शपथेवर विश्वास ठेवला होता का? तिनं तो ठेवायचं ठरवलं होतं. तेवीस वर्षं रोज सकाळी उठून तिनं ते ठरवलं, नवऱ्याला वाढताना ठरवलं, राघो बांधावरून जाताना तोंड फिरवून ठरवलं. हे साधं काम नव्हे. त्याच जोरावर ती गावात मान वर करून चालत होती.

आणि आता काळुराम माजघरात उताणा पडला होता, आणि नाकाखाली त्याचा ओठ सोललेल्या केळ्यासारखा दिसत होता.

“कोनी काढली?” ठमाबाईनं मुलाला विचारलं.

सहदेव बापाला घेऊन आठ दिवस ठाण्याला होता. पोटात पाणी झालं म्हणून एका खाजगी डॉक्टरकडे ठेवलं होतं. काल संध्याकाळी बाप गेला. आगगाडीत मढं घेत नाहीत, म्हणून तो कोलशेत बंदरावर होडी शोधायला गेला, तर भरतीला निघणारी एकच होडी होती, आणि ती राघोची होती. सहदेव तिच्यात बसला. दोघं रात्रभर खाडीतून आले आणि एकमेकांशी चार शब्द बोलले; त्यांतले दोन ‘जपून’ आणि ‘बांध’ हे होते.

“डाक्टरनं काढली,” सहदेव भिंतीकडे बघत म्हणाला. “नाकात नली घालाची होती. मधे येत होती.”

“मंग तसा सांगूया लोकांना,” सगुणा म्हणाली.

“आन लोक काय बोलतील? बरा झाला डाक्टर भेटला?” ठमाबाई म्हणाली. “येवरी वर्सा वाट बगतात ते. चादर काढली का पैला ओठ बगतील, मंग हात जोरतील. धोंडीबाला बोलाव. सांग, वस्तऱ्याचा काम हाय.”

वस्तऱ्याचं काम होतंच. बाप गेला की मुलानं त्याच दिवशी मिशी उतरवायची, ही गावाची रीत. धोंडीबा न्हावी धोपटी घेऊन आला तो सहदेवसाठी. म्हातारा कल्याणचा; गावकीचा न्हावी म्हणून चाळीस वर्षं पाच पाड्यांच्या हजामती करत होता आणि शिमग्यात सोंगांना दाढ्यामिशाही तोच चिकटवायचा. माजघरात आल्यावर त्याला चादर काढून दाखवली. त्यानं मान डावीकडे केली, मग उजवीकडे केली.

“वयनी,” तो म्हणाला, “मिशी काढायची हे मला ठाऊक आहे. मेलेल्याला लावायची म्हणजे...”

“रावनाला लावतोस ना?”

“रावण हलतो. लोक लांबनं बघतात, आन निम्मे प्यालेले असतात.” पण तो खाली बसला, आणि अंगठ्यानं ओठाची रुंदी मापून घेतली. “बरं. आधी आंघोळ उरकून घ्या. डिंकानं लावणार. एकदा लावल्यावर पाणी लागता कामा नये.”

“मेल्यावर तोंड कोन धुतंय,” सहदेव म्हणाला.

आंघोळ झाली. तोंड पुसून कोरडं केलं. मग केस शोधायची वेळ आली. रीतीप्रमाणं सहदेवची मिशी उतरायचीच होती, म्हणून धोंडीबानं ती उतरवली आणि कागदावर घेतली. ती आईच्या माहेरची होती, काळी आणि विरळ. कागदावर तर ती आणखीच थोडी दिसू लागली. सगुणा म्हणाली मेंदी लावू. धोंडीबा म्हणाला, मेंदी चढायला रात्र जाईल, आणि स्मशानाची वाट तर दिवस मावळायच्या भरतीला बुडते. मग धोपटीतून शिमग्याचा शिल्लक माल निघाला. बोकडाचे केस ओठावर धरून पाहिले. काळुराम बोकडासारखा दिसला. काथ्या पिंजून लावला. रंग पुष्कळ जवळ आला, पण काळुराम आता राजा दशरथासारखा दिसू लागला, आणि दशरथ गावानं गेल्याच शिमग्यात मरताना पाहिला होता.

“नको,” ठमाबाई म्हणाली. “वळखतील.”

बाहेरून पोपट पंचाचा खोकला ऐकू आला. म्हाताऱ्या पंचांपैकी तोच एक उरला होता. शपथ घेतली तेव्हा तो होळीच्या पलीकडे उभा होता. तो खोकला म्हणजे उशीर का लागतोय अशी विचारणा होती.

“असा केस,” सगुणा हळूच म्हणाली, “बांधावर बसलाय. रातची होरी धुतोय.”

सहदेव एकदम उठला. “राघोची नाय! त्याची लावाची तं मंग...” पुढचं त्याला बोलता येईना, कारण पुढचं सगळ्यांना माहीत होतं.

ठमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. राघो काळुरामचा नाही हे टिकवायला काळुरामला मिशी हवी होती, आणि त्या रंगाची मिशी साऱ्या पंचक्रोशीत राघोलाच होती. यातली गंमत तिला कळत नव्हती असं नाही. पण हसायची ही वेळ नव्हती.

“बोलाव त्याला,” ती म्हणाली.

राघो आला तो दाराशी उभा राहिला. या घराच्या ओटीवर तो मिठाच्या गोणी घेऊन दोनशे वेळा आला असेल. माजघर त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. त्याची नजर मढ्यावर गेली. रात्रभर त्यानं ज्याला वाहून आणलं त्याचं तोंड त्यानं आता पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला.

“ही कोनी उतरवली?” त्यानं विचारलं. आवाजात आशेसारखं काहीतरी होतं. ठमाबाईला ते ऐकवेना.

“डाक्टरनं,” सहदेव म्हणाला. “नली घालाला.”

“डाक्टरनं,” राघो म्हणाला. त्याचा हात खाली आला. “असा होय. मना वाटला...” काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

काय हवं ते ठमाबाईनंच सांगितलं. सरळ सांगितलं, आढेवेढे घेतले नाहीत. राघोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो नाही म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो शिव्या देता तर आणखी बरं वाटलं असतं.

“मिशी तं आज उतरवतात,” तो म्हणाला. “ज्याचा बापूस मेला तो उतरवतो. मी उतरवली तं लोक काय म्हनून विचारतील?”

“सांग, उवा झाल्या,” सहदेव म्हणाला.

राघोनं त्याच्याकडे पाहिलं, मग मढ्याकडे. “काढा,” तो म्हणाला आणि धोंडीबासमोर मांडी घालून बसला. “माजी काय, परत येल.”

धोंडीबानं आधी त्याच्या मिशीच्या बटा पाडल्या. एकेक बट बुडाशी दोऱ्यानं बांधली, म्हणजे कापल्यावर मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते चुकू नये. बांधलेल्या बटा कात्रीनं कापून त्यानं ओळीनं पाटावर मांडल्या. मग उरलेल्या खुंटांवर तेल चोळलं, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि कडेकडेनं आत येऊ लागला. नाकाच्या बरोबर खाली आल्यावर तो थांबला.

“वरचा ओठ खाली ओढ. दातांवर घट्ट. आन श्वास धर.”

राघोनं ओठ ओढून धरला. वस्तरा मधल्या खळगीतून एकदा खाली आला, आणि ओठ स्वच्छ झाला.

ठमाबाई हे बघत होती. दुसरं काही बघण्यासारखं तिथं नव्हतं. “ओठ का ओढाला लावलास?” तिनं विचारलं.

“तिथं खड्डा असतोय, वयनी. ओढला नाही तर वस्तरा आत पोचत नाही. एक तर केस राहतात, नाहीतर रगत येतं.”

“आन मानुस निजलेला असला? बेसुद?”

“तर मग राहतात केस. गिऱ्हाईकानं स्वतः ओढावा लागतो. दुसऱ्यानं ओढून चालत नाही, नाक मधे येतं.” तो सहज बोलून गेला, हे त्याचं रोजचं काम होतं. मग आपण कुणाच्या घरात बसून काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो वस्तरा पुसू लागला. वस्तरा पुसून झाला तरी पुसतच राहिला.

“राघो, तोंड धुवून ये,” ठमाबाई म्हणाली. “भायेर जा.”

तो गेल्यावर ती उठली. खिडकीची झडप उघडली, नवऱ्याच्या उशाशी बसली आणि खाली वाकून त्याच्या नाकाखाली पाहिलं. खळगी स्वच्छ होती. एक केस नव्हता, एक ओरखडा नव्हता. जवळून बघितलं तर ओठाच्या कडेला वस्तऱ्याची सरळ, सावकाश मारलेली रेघ दिसत होती. घाईतल्या डॉक्टरच्या हातची ती नव्हती, आणि बेशुद्ध माणसाच्या ओठावरची तर नव्हतीच.

“सहदेव,” ती म्हणाली. वर न बघताच म्हणाली.

सहदेव खाली बसला. तो वाईट मुलगा नव्हता. रात्रभर खाडीत त्यानं डॉक्टरची एकच थाप मनात घोळवली होती, आणि तेवढीच तो धड सांभाळू शकला नाही.

“काल सकाली,” तो म्हणाला. “मना बोलला, न्हावी आन. मी बोललो, कशाला बाबा, दारी वारली नाय येवरी. तं बोलला, दारी नाय, मिशी.” तो थांबला. “सोता उठून बसला, आये. आठ दिस उठला नवता. आरसा मागितला.”

“आन?”

“बोलला, घरी नेऊन मना दाखव तिला. मी बोललो, बाबा, मंग आगर अर्धा त्याला जाल. तं हसला.”

“मना काय निरोप?”

सगुणानं सहदेवच्या पाठीवर हात ठेवला. तो हात धीर देणारा होता का ढकलणारा, ते त्या दोघांनाच ठाऊक.

“बोलला, घरी गेलो का पैला तिच्याकरं पानी मागेन. ही अशी मिशी घेऊन. बगू, देते का.”

ठमाबाईला राग आला. इतका राग तिला तेवीस वर्षांत आला नव्हता. मेल्या माणसाला उठवून त्याच्याशी भांडावं असा राग. हे सांगायला त्याला ठाण्याला जावं लागलं! इथं तिच्यासमोर बसून तो रोज दोन वेळा जेवला, तिच्या हातचं पाणी प्याला, मिशी पुसली, आणि एका दिवशी बोलला नाही. आणि बोलायचं ठरवलं तेव्हा घरी पोचायच्या आधीच मेला. आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. ती भित्री नव्हती, म्हणून तिनं तेही पाहिलं. तो बोलला असता तर तिनं हंड्यावर पुन्हा झाकण ठेवलं असतं. हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

“वयनी,” धोंडीबा हळूच म्हणाला, “लावू का नको?”

बाहेर पोपट पंच पुन्हा खोकला.

“लाव,” ठमाबाई म्हणाली. हे तिचं ठरवणं नव्हतं, सवय होती.

धोंडीबानं डिंकाची वाटी पुढे ओढली. राघोच्या बटा उलगडून त्यानं खालून वर रांगा लावायला सुरुवात केली. ओठाच्या काठाशी पहिली रांग, तिच्यावर थोडी चढवून दुसरी, जसं घर शाकारताना पेंढा खालून वर लावत जातात तसं. मुळं नाकाकडे, टोकं गालाकडे. प्रत्येक रांगेवर फुंकर मारून तो डिंक सुकवत होता. शेवटची रांग नाकाच्या बरोबर खाली बसली तेव्हा त्यानं कात्रीनं चार टोकं छाटली, मेणाचं बोट फिरवून दोन्ही बाजूंना पीळ दिला आणि मागे सरकला.

“झालं,” तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं असं काम केलं नव्हतं आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

काळुराम परत आला होता. जसाच्या तसा. सहदेवनं सुटकेचा श्वास टाकला. ठमाबाई मात्र त्या तोंडाकडे बघत राहिली. होळीसमोर ज्यानं तिच्या समाधानासाठी खोटं सांगितलं, तो हाच. काल ज्यानं आरसा मागितला, तो कुठं गेला?

मढं अंगणात आणलं. लोकांनी पहिल्यांदा ओठ बघितला, मग हात जोडले. “मिशी अजून कशी तरारलीय,” कुणीतरी म्हणालं. पोपट पंच काठी टेकत जवळ आला, वाकून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. “शबुद पालला कालूशेटनं,” तो म्हणाला.

राघो लांब, आंब्याखाली उभा होता. मिशी गेल्यामुळं तो एकदम लहान दिसत होता, आणि त्याचा ओठ उघडा पडून पांढरा झाला होता. मिठागरावरच्या दोघातिघांनी त्याला हेरलं.

“का रं राघो, तुजा कोन मेला?” एकानं विचारलं, आणि बाकीचे मढ्याला न ऐकू जाईल इतपत हसले.

राघोनं तोंड उघडलं. उवांचं सांगायचं होतं. ते त्याला सांगता आलं नाही. त्यानं खाली बघितलं.

ठमाबाईनं ते ऐकलं. ती पायांशी बसली होती तिथून तिला सगळं दिसत होतं. तिला आठवलं, तुळसा अशीच त्या आंब्याखाली उभी होती, पोराला घेऊन, आणि तेव्हाही कुणीतरी असंच काहीतरी विचारून हसलं होतं, आणि ठमाबाईला बरं वाटलं होतं. ती आठवण तिला आज सोसवली नाही.

“पानी द्या रे,” पोपट पंच म्हणाला. “भरती येतेय.”

सहदेवचा चेहरा उतरला. धोंडीबानं कपाळावर हात मारला. आंघोळीचं सगळ्यांनी ध्यानात ठेवलं होतं, तोंड पुसल्याचं ठेवलं होतं, पण मढं उचलण्याआधी घरच्यांनी त्याच्या तोंडात पाणी घालायचं, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लहानपणापासून प्रत्येक मढ्याला जे करताना पाहिलं तेच विसरले होते.

सगुणानं तांब्या आणि तुळशीचं पान आणलं. सहदेव पुढे झाला. त्यानं पान बुडवलं, झटकलं, पुन्हा झटकलं, आणि उरलेला एक थेंब बापाच्या खालच्या ओठावर टेकवला. धोंडीबा लांबून हातानं ‘बास, बास’ असं करत होता. मिशी जागच्या जागी राहिली. सहदेव घाम पुसत मागे झाला.

आता बायकोची पाळी. ठमाबाई उठली. तिनं तुळशीचं पान बाजूला ठेवलं. तांब्यात पाणी थोडंच होतं, म्हणून ती आत गेली, हंड्यावरचं झाकण काढलं, तांब्या काठोकाठ भरून घेतला आणि बाहेर आली. मढ्याजवळ थांबली नाही. अंगण ओलांडून सरळ आंब्याखाली गेली.

“घे,” ती राघोला म्हणाली.

अंगणातला रडण्याचा सूर मधेच तुटला.

“काकी,” राघो म्हणाला, “मी कसा...”

“तो पानी मागत होता,” ठमाबाई म्हणाली. “सहदेवला विचार.”

राघोनं सहदेवकडे पाहिलं. साऱ्या अंगणानं सहदेवकडे पाहिलं. सगुणा त्याच्या जवळून उठली आणि मढ्याच्या उशाशी जागा करून दिली.

“ये,” सहदेव म्हणाला. मग जरा मोठ्यानं, “ये रे. काल बोलला तो. मी ऐकलाय.”

राघो तांब्या दोन्ही हातांनी धरून आला आणि उशाशी बसला. त्यानं अगदी थोडं पाणी ओतलं, ओठांच्या मधे, जपून.

“सांडू दे,” ठमाबाई म्हणाली.

त्यानं तांब्या कलता केला. पाणी ओठांवरून वाहिलं, मिशीत शिरलं, गालांवरून ओघळलं. आधी डावीकडची खालची रांग सुटली. मग तिच्यावरची. डिंक पांढरा होऊन वाहू लागला, आणि भाजलेल्या विटेच्या रंगाची ती मिशी एका बाजूनं सावकाश सरकत गेली, गालावर आली आणि कानाशी जाऊन थांबली. खाली काळुरामचा ओठ स्वच्छ आणि मोकळा होता. धोंडीबानं मान फिरवली. त्याला ते बघवेना.

कुणी हसलं नाही. पोपट पंच काठीवर भार देऊन वाकला. त्यानं काळुरामचा ओठ पाहिला, मग राघोचा पाहिला. त्याचं वय झालं होतं, पण डोळे शाबूत होते.

“मिशी उतरली,” तो म्हणाला. हे त्यानं गावासाठी म्हटलं.

राघो उशाशी तसाच बसला होता. त्याच्या हातात तांब्या होता आणि तोंडावर पाणी होतं. ते तांब्यातलं नव्हतं. तांब्यात अर्धं पाणी अजून उरलं होतं. त्यानं ठमाबाईकडे वर पाहिलं.

“आये,” तो म्हणाला. हा शब्द त्यानं तिला कधी लावला नव्हता, आणि तो कसा आला ते त्यालाही कळलं नाही. “बास करू का आनखी घालू?”

ठमाबाई खाली बसली. तिनं पदराच्या टोकानं नवऱ्याच्या कानाजवळचे मिशीचे केस उचलले आणि पदरातच गाठ मारून ठेवले.

“घाल,” ती म्हणाली. “त्या शिमग्यातला दोन दिसांचा ऱ्हायलाय त्याचा.”